चिठ्ठी कुणाची, हे तू कधी विचारलं नाहीस

जसू,

तुझ्या अंत्यविधीच्या मिस्सेला मी आत आले नाही. चर्चच्या पायरीपर्यंत आले होते. तुझ्या आईने मान वळवून मला पाहिलंही. पण शेवटून तिसऱ्या बाकावर समीक्षाची आई बसलेली दिसली आणि माझा पाय पुढे पडला नाही. तिला तुमच्या प्रार्थना येत नव्हत्या. पुढची बाई उठली की ती उठत होती, पुढची बसली की बसत होती, हात मात्र सारखे जोडलेले. मी बाहेर स्कूटरींच्या रांगेत उभी राहिले आणि सगळं संपल्यावर, ती बाहेर यायच्या आत, मागच्या गल्लीने निघून गेले.

अन्याय करणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवा, असं मी किती सभांमधून सांगितलं असेल. त्या बाईच्या डोळ्याला डोळा भिडवायची माझी छाती झाली नाही. कारण या वेळी अन्याय करणारी मी होते.

शिक्षकांच्या एका मासिकाने तुझ्यावर लिहायला सांगितलंय. संपादक म्हणाले, "हसतमुख, विद्यार्थिप्रिय, असं काहीतरी येऊ द्या." तू हसतमुख नव्हतीस. सकाळी पहिल्या तासाआधी तुझ्याशी बोलायला तुझ्या मुख्याध्यापिकाही कचरायच्या. तेव्हा जन्म, शिक्षण, नोकरी यातलं मी काही लिहिणार नाही. मला फक्त तुझ्या वर्गातल्या एका तासाबद्दल लिहायचंय, जो मी मोडला, आणि एका शब्दाबद्दल, जो मी तुला फोनवर म्हटला आणि परत घ्यायच्या आत तू गेलीस. साधा ताप म्हणून तू तो अंगावर काढलास. पाचव्या दिवशी तुझ्या भावाचा मला फोन आला. अकरा आठवडे तुझ्या फोनची वाट बघत होते मी. आला तो त्याचा.

डी.एड.च्या पहिल्याच आठवड्यात आपण भांडलो होतो, ते आठवतं? तू डब्यात फुगे आणले होतेस. अंधेरीच्या तुमच्या गावठाणातले, तुझ्या आईने सकाळी तळलेले आंबवलेल्या पिठाचे गोळे. आपल्या बाकावरच्या मुलीने डब्यात डोकावून "तुमच्यात यात काय काय घालतात?" असं विचारलं आणि स्वतःचा डबा हळूच चार बोटं लांब सरकवला. मी उभी राहिले आणि भाषण ठोकलं. पाच मिनिटं. संविधान, माणुसकी, सगळं आलं त्यात. ती मुलगी रडायला लागली. मला वाटलं, जिंकले. तू शांतपणे डब्याचं झाकण लावलंस.

"झालं तुझं?"

"तुझ्यासाठीच बोलले ना मी."

"मला फुगे खायचे होते गं, भाषण नको होतं. आता ती माझ्या डब्यातलं जन्मात खाणार नाही. खावंसं वाटलं तरी नाही खाणार. लाज वाटेल तिला."

तीन महिन्यांनी ती तुझ्या डब्यातलं हक्काने उचलून खात होती. हे तू कसं जमवलंस, ते मी कधी विचारलं नाही. त्या वयात मला जमवण्यात रस नव्हता, जिंकण्यात होता.

माझं असं होण्याला कारण होतं आणि ते तुला माहीत होतं. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी जन्मलेही नव्हते, पण बाबांची पत्रकं बंद पडली नाहीत. बोरीवलीच्या आमच्या दीड खोलीत छापून आलेल्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. त्यांच्यावर बसून मी जेवले, त्यांच्यावरच अक्षरं गिरवली. प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतं असं मला बरीच वर्षं वाटायचं. पूर्णविराम मी शाळेत शिकले. भेदरलेल्या कामगाराचं नाव पत्रकात छापलं की त्याची भीती जाते, तो ताठ उभा राहतो, असं बाबा सांगायचे. त्यांनी तसं होताना पाहिलंही असेल. मी ते मंत्रासारखं घोकलं. नाव घ्या, उभं करा, उघड करा.

मग आपलं पुस्तक. मुखपृष्ठावर नाव माझं आहे, पण गोष्ट तुझ्या दारातून आली. तुमच्या घरासमोर प्लेगच्या साथीत उभारलेला क्रूस आहे. त्याच्या चौथऱ्यावर बसून तू मला तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकीगत सांगितलीस: साथीत शहर सोडून पळालेली माणसं तुमच्या गावच्या शेतात झोपड्या घालून राहिली आणि गावाने त्यांना विहिरीला हात लावू दिला नाही. त्यातून मी दोन मुली रचल्या. गावातली रोझा आणि झोपडीतली सगुणा, दोघी अकरा वर्षांच्या. कुंपणाच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक.

माझ्या पहिल्या खर्ड्यात सगुणाची माणसं गरीब होती, म्हणून सगळी चांगली होती. तू समासात लाल पेनाने लिहिलंस, "गरिबांना वाईट वागता येत नाही का?" दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. मग ते प्रकरण लिहिलं: पोर उपाशी असताना सगुणाची आई रोझाने आणलेला भात फेकून देते, कारण तो ख्रिस्ती हातचा असतो. पुस्तक वाचून जी काही पत्रं आली, ती सगळी त्या भाताबद्दल आली. हे तुला सांगितलं नाही मी. तुझ्या लाल पेनाला शिव्या देऊन झाल्या, आभार मानायचे राहिले.

सहावीच्या वर्गात, शुक्रवारी शेवटच्या तासाला, तू ते पुस्तक वाचायला लागलीस. एका शुक्रवारी एक प्रकरण. वाचून झालं की प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहायची, रोझाला नाहीतर सगुणाला. खाली नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. मग तू एकेक काढून, सगळ्यांचं अक्षर तुझ्या एकाच आवाजात मिसळून, मोठ्याने वाचायचीस आणि वाचून झाली की तिथल्या तिथे बारीक फाडायचीस. बोलायचं ते रोझा-सगुणाबद्दल. "बाई, आमच्या घरी ना..." असं कुणी सुरू केलं की तू हात वर करायचीस आणि म्हणायचीस, "ते सगुणाला लिही."

मी एकदा मागच्या बाकावर बसून ऐकलं होतं. एक चिठ्ठी होती, "रोझा, तुझी आई खडूस आहे. माझी पण." दुसरी, "सगुणा, रात्री विहिरीवर जाऊ नको. माझा भाऊ चुकीच्या गल्लीत क्रिकेट खेळायला गेला होता, त्याला मारलं." मग ओंकार नावाचा एक उंच मुलगा उठला.

"बाई, सगुणाच्या आईने पण भात फेकला ना? मग ती पण तसलीच की."

"मग चांगलं कोण?" तू विचारलंस.

"मोठ्यांमधलं कुणीच नाय. पोरी चांगल्या आहेत."

"आणि त्या पोरी मोठ्या झाल्या की?"

 तू पुस्तक मिटलंस.

बाहेर आल्यावर मी तुझ्याशी भांडले. ही पळवाट आहे म्हटलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या विहिरीबद्दल बोलतात, आपापल्या स्वयंपाकघराबद्दल कधी बोलणार?

"बोलतायत की. तुला ऐकू येत नाही," तू म्हणालीस. "जिवंत माणसाला काही सांगितलं की चार वाजेपर्यंत वस्तीभर होतं. सगुणा केव्हाच मेली. ती कुणाला जाऊन सांगणार नाही, म्हणून पोरं तिला सांगतात."

आता मीही तेच करतेय. मेलेल्या माणसाला लिहितेय. पण तू सगुणाइतकी परकी नाहीस मला, त्यामुळे सोपं काहीच जात नाही.

पुढचं लिहायच्या आधी एक सांगायला हवं. मुलांची नावं मी बदलली आहेत. शाळेचं आणि इमारतीचं नाव कुठेच घेतलेलं नाही.

त्या शुक्रवारी तू मला लेखिका म्हणून वर्गात बोलावलंस. मुलांनी फळ्यावर माझं नाव रंगीत खडूंनी लिहिलं होतं. ठरलं असं होतं की चिठ्ठ्या मी काढायच्या आणि वाचायच्या तू. तिसरी चिठ्ठी मी काढली, उघडली आणि तुझ्याकडे दिली नाही. मीच वाचली. "सगुणा, माझ्या मैत्रिणीची आई आमच्याकडे कामाला येते. तिला चहा द्यायला एक वेगळा कप आहे. तो खिडकीत ठेवतात. मला तो कप आवडत नाही."

जसू, ज्यासाठी आपण पुस्तक लिहिलं ते माझ्या हातात होतं. मी म्हणाले, "कुणी लिहिलंय हे? घाबरू नकोस. उभी राहा. अशा मुलींचा मला अभिमान वाटतो." तू मागून म्हणालीस, "अगं, नको." मी ऐकलं. खोटं कशाला बोलू, स्पष्ट ऐकलं होतं. मी पुन्हा म्हणाले, "उभी राहा, बाळा."

आर्या उभी राहिली. शाबासकी मिळणार म्हणून उभी राहिली असेल, नाहीतर पाहुण्यांना नाही म्हणायची सवय नसेल. उभी राहिल्यावर तिने शेजारी पाहिलं, आणि तिच्याबरोबर सगळ्या वर्गाने पाहिलं. शेजारी समीक्षा होती. या दोघी पहिलीपासून एका बाकावर, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं.

ओंकारने विचारलं, "समीक्षा, तुझी आई तर बँकेत आहे ना?"

त्याला खरंच कळत नव्हतं. तो कुजकट मुलगा नाही. समीक्षाने पेनाला टोपण लावलं, उठली आणि तुला म्हणाली, "बाई, पाणी पिऊन येऊ?" शाळा सुटेपर्यंत ती परत आली नाही. तिचं दप्तर तू उचललंस.

जिन्यात आपण किती हळू आवाजात भांडलो.

"विचारलंस कशाला तू?"

"त्या पोरीने खरं लिहिलं, जसू. खरं लिहिणाऱ्याला उभं करायचं नाही तर कुणाला करायचं?"

"खरं आर्याचं होतं गं. आई समीक्षाची होती."

मला हे समजलं नाही असं नाही. समजलं आणि मी ते बाजूला सारलं, कारण मला संध्याकाळी लिहायचं होतं. 'एका कपाची गोष्ट'. एक पान. नाव कुणाचंच नव्हतं त्यात, पण शाळा मराठी, अंधेरी पूर्व, सहावीचा वर्ग, एवढं होतं. तुला वाचून दाखवायला फोन केला. तू म्हणालीस, "पाठवू नकोस. माझ्यासाठी म्हणून पाठवू नकोस." मी पाठवलं. मोबाइलवरच्या सात-आठ गटांवर. माझ्या कुठल्याच लिखाणाला मिळाली नाही एवढी वाहवा त्याला मिळाली. तिसऱ्या दिवशी ते आर्याच्या सोसायटीच्या गटावर पोचलं, चौथ्या दिवशी सोसायटीमागच्या वस्तीत. आर्याच्या आईने समीक्षाच्या आईला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्याच इमारतीतल्या बाकीच्या दोन घरांनीही, भानगड नको म्हणून. आर्याच्या घरच्यांनी शाळेत तक्रार केली. तुला लेखी खुलासा मागितला गेला, शुक्रवारचा वाचनतास बंद झाला, त्या तासाला गणित आलं. समीक्षा शाळेत यायची थांबली.

आणि तू खुलाशात लिहिलंस, "सदर प्रश्न मी विचारला होता. मी दिलगीर आहे."

मला हे दुसऱ्याकडून कळलं. त्या वेळी मी तुला जो फोन केला, तो आपला शेवटचा.

"माफी लिहून दिलीस? भेदभाव करतात त्यांची माफी?"

"वर्ग माझा होता."

"आपण लढलो असतो. मी चार संघटना उभ्या केल्या असत्या."

"कुठे उभ्या केल्या असत्यास, समीक्षाच्या दारात?" तू म्हणालीस. "मला उद्या त्याच वर्गात जायचंय. तू पत्रक वाटून घरी जातेस. तू माणसांची पत्रकं करतेस गं."

मी म्हणाले, "तू घाबरट आहेस, जसू. कायम होतीस. फुग्यांच्या वेळेपासून."

 तू म्हणालीस, "असेन," आणि फोन ठेवलास.

मिस्सेनंतर तिसऱ्या दिवशी मी समीक्षाच्या घरी गेले. वाटेत माफीची वाक्यं जुळवत होते. मला वाक्यं छान जुळवता येतात, एवढंच येतं. तिची आई दारातच भांडी घासत होती. तिने मला ओळखलं.

"पुस्तकवाल्या ताई ना तुम्ही? या. बसा. मिस्सेला पायरीवरून परत गेलात."

मी मान हलवली.

तिने चहा टाकला. माझ्यापुढे कप ठेवताना म्हणाली, "बघून घ्या. आमच्याकडे सगळे एकाच तऱ्हेचे आहेत."

जुळवलेलं एकही वाक्य तोंडातून निघेना. चुकलं माझं, असं काहीसं पुटपुटले.

"तुमचं चुकलं ते आम्हाला कळलं हो. मोबाइलवर आलं ना. माझी जाऊबाई वाचून दाखवत होती, काय छान लिहिलंय म्हणून," ती म्हणाली. "त्या बाई दर गुरुवारी यायच्या, शाळा सुटल्यावर. इथे उंबऱ्यावर बसायच्या, त्या आठवड्याचं शिकवायच्या हिला. शाळेत ये, असं एकदा पण नाही बोलल्या. मीच एकदा म्हटलं, बाई, समजवा की हिला. तर म्हणाल्या, ती आत्ता रागात आहे, राग खरा आहे, थांबू आपण."

अकरा आठवडे. अकरा गुरुवार. मी बोरीवलीत बसून तुझ्या फोनची वाट बघत होते, तू माफी मागशील म्हणून.

समीक्षा आतून आली. मी तिला म्हटलं, "मी तुला सगळ्यांसमोर..." तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"आर्याने मला न विचारता नव्हतं लिहिलं," ती म्हणाली. "आम्ही दोघींनी मिळून लिहिलं होतं. अक्षर तिचं, कारण माझं बाई ओळखतात."

"म्हणजे तुला कपाचं..."

"मला दुसरीपासून माहितीये. मी आईबरोबर जायचे ना तिच्याकडे. परीक्षा झाली की आर्या तो फोडणार होती. हातातून सुटला म्हणून सांगणार होती. मग नवीन घेताना सगळ्यांना सारखे घ्या, असा हट्ट करणार होती. आमचं ठरलं होतं."

मी कसंबसं विचारलं, "बाईंना ठाऊक होतं हे?"

"मागाहून सांगितलं. बाई पहिल्यांदा घरी आल्या, तेव्हा. बाई म्हणाल्या, मला काही ऐकू आलं नाही हं."

जसू, तू पहिल्यांदा तिच्या घरी गेलीस ते माझ्या त्या फोनच्या आधी. मी तारखा पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या. मी तुला घाबरट म्हणाले तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. एक वाक्य बोलली असतीस, त्या दोघींचं आधीच ठरलं होतं गं, एवढंच, तर मी तिथल्या तिथे कोसळले असते. पण ते गुपित दोघींचं होतं, आणि माझ्या हाती लागलेल्या गुपिताचं काय होतं ते तू नुकतंच पाहिलं होतंस. म्हणून "असेन" म्हणालीस. तो "असेन" आता मला जेवू देत नाही. मी पत्रकात जे मागत होते ते दोन अकरा वर्षांच्या मुली, कसलाही गवगवा न करता, एका बाकावर बसून करत होत्या. तू त्यांच्यावर नुसतं पांघरूण धरून उभी होतीस. मी आले आणि ते ओढून काढलं.

ये ना एकदा. उत्तर देऊ नकोस, नुसती ये आणि माझ्यावर ओरड. तू कधी ओरडली नाहीस, हीच माझी तक्रार होती ना? आता ती तक्रार कुठे नेऊ? तुझ्या भावाकडे गेले तर तो चहा देतो. तुझी आई "ये गो बाय" म्हणून जवळ घेते. तिला काहीच ठाऊक नाही. मला शिक्षा द्यायची ताकद असलेलं एकच माणूस होतं, त्याला मी घाबरट म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांना लेखी दिलं की प्रश्न मी विचारला होता, जसिंताबाईंनी नव्हे. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. "आम्हाला माहीत होतं हो. अख्खा वर्ग सांगत होता," त्या म्हणाल्या. "पण त्यांनी लिहून दिलं तर आम्ही काय करणार?" कागद ठेवून घेतला. वाचनतास सुरू करायचं विचारलं, तर म्हणाल्या, "कोण घेणार?"

हे सगळं लिहू का, असं मी समीक्षाला आणि तिच्या आईला विचारलं. लिहून झाल्यावर दाखवेन, नको म्हणालात तर फाडेन, असं सांगितलं. आई म्हणाली, "लिहा. पण माझी पोर रडली असं लिहू नका. तुम्ही लोक तसं लिहिता." समीक्षा रडली नाही. एकदाही नाही. समीक्षा म्हणाली, "आधी आर्याला विचारा. ती हो म्हणाली तरच. आणि तिच्या आईला पण."

काल शाळा सुटताना आर्या फाटकापाशी भेटली. तिची आई न्यायला आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण कागद घेतले आणि दोघींनी रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून वाचले. मी उभी. कप फोडायच्या बेतापाशी पोचल्यावर आर्या म्हणाली, "हे आईला माहितीये. मी सांगितलं."

तिची आई कागदावरून मान वर न करता म्हणाली, "काढून टाकला तो कप. आता सगळे सारखे आहेत. छापा तुम्हाला काय छापायचं ते." जरा थांबून म्हणाली, "कामाला दुसऱ्या बाई आहेत."

म्हणजे कप गेला, जसू, आणि समीक्षाची आईही गेली. माझ्या पत्रकाने काहीच हललं नाही असं आता तुला म्हणता येणार नाही, आणि ते बरं झालं असं मला म्हणता येत नाही. हे भांडण आपण सहा महिने पुरवून भांडलो असतो. दोन्ही बाजू मी एकटीच लढवून पाहिल्या. तुझी बाजू मांडायला लागले की वाक्य अर्धवट राहतं आणि माझी मांडायला लागले की लाज वाटते.

आई कुणाशी तरी फोनवर बोलत पुढे गेली, तशी आर्या मागे रेंगाळली.

"समीक्षा हो म्हणाली हे छापायला?"

"हो."

"माझ्याबद्दल बोलली ती?"

"बोलली."

"काय बोलली?"

कागदांत मी घातलं नव्हतं ते सगळं मला तोंडपाठ होतं. शब्दन्‌शब्द सांगता आला असता, सांगितल्यावर तिचा चेहरा कसा उजळला असता तेही दिसत होतं, आणि मला आयुष्यात एकदा काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं असतं.

"ते तूच विचार तिला," मी म्हणाले.

 ती दप्तर सावरून निघाली. त्या कोपऱ्यावरून डावीकडे तिची सोसायटी आहे आणि उजवीकडे वस्ती. मी पाठ फिरवली आणि फाटकाकडे तोंड करून उभी राहिले, ती कोपऱ्यावरून वळली असेल एवढा वेळ.